नमुना करार आणि टाकीचं गाणं

या उद्योगात मामांना काय मिळणार होतं, याचा हिशेब आधीच मांडून ठेवलेला बरा. पैसा म्हणाल तर छदामही नाही. मिळणार होते ते दर रविवारी दोन तास, एक फळा, आणि मध्येच उठून जाणार नाहीत असे दहा-बारा श्रोते. मामींना मिळणार होते तेच दोन तास, पण मामांशिवाय. म्हणजे खरा फायदा कोणाचा, हे तेव्हाच कोणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं.

मामांची अख्खी नोकरी एका विमा कंपनीच्या कायदा विभागात गेली. पॉलिसीच्या पाठीमागे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत जो मजकूर असतो, तो ते लिहीत. तो कोणी वाचत नाही असं जग हसत हसत सांगतं. पण तो लिहिणाराही कोणीतरी असतो, त्यालाही घरदार असतं, आणि जगाचं हे हसणं त्याला जेवताना आठवतं. निवृत्तीनंतर मामांनी घरात बोलून पाहिलं. 'पूर्वसूचना' आणि 'पूर्वअट' यांतला फरक त्यांनी मामींना कणीक मळताना समजावला. मामींनी तो पूर्ण ऐकला आणि म्हणाल्या, "अहो, जरा बाजूला व्हा, डबा काढायचाय."

तर अशा कोरड्या दिवसांत भाची राहायला आली. मामांच्या धाकट्या बहिणीची ही मुलगी कॉलेज करून रॅप करायची. रॅप म्हणजे ठेक्यावर भरभर बोलणं, एवढं मामांना ठाऊक होतं, आणि त्यात गाणं कुठे येतं हे विचारायचं त्यांनी सोडून दिलं होतं. तिच्या मंडळींत तिला 'ठिणगी' म्हणत. त्या दिवशी मात्र ठिणगी विझलेली होती. तिचं एक गाणं एका स्टुडिओवाल्याने आपल्या नावावर लावलं होतं.

"सही कशावर केलीस?" मामांनी विचारलं.

"सही नाही केली."

"मग ठरलं कसं?"

"असं," म्हणून भाचीने मूठ पुढे केली आणि हवेतल्या दुसऱ्या मुठीला हलकेच टेकवली.

मामा खुर्चीत मागे रेलले. त्यांनी बुडालेल्या जहाजांचे दावे पाहिले होते, जळालेल्या गोदामांचे पाहिले होते, एका गृहस्थांनी स्वतःच्याच मरणाचा केलेला दावाही पाहिला होता. पण मुठीला मूठ लावून झालेला करार त्यांनी पाहिला नव्हता.

"साक्षीदार?"

"त्याचं मांजर होतं तिथे."

"आणि बाकीची पोरं?"

"सगळे असंच करतात, मामा."

त्याच संध्याकाळी मामांनी जाहीर केलं, की उगवत्या रॅपरांना संगीताचा धंदा आणि कायदा शिकवणारा वर्ग आपण विनामूल्य चालवणार. मामींनी तत्काळ पाठिंबा दिला. इतक्या वर्षांच्या संसारात मामींनी इतक्या चटकन पाठिंबा दिल्याचं दुसरं उदाहरण नव्हतं, पण मामा भारावलेले होते.

पहिला अडसर जागेचा. इमारतीचा हॉल सेक्रेटरींच्या ताब्यात होता. हे सेक्रेटरी म्हणजे नियमांवर जगणारा सडसडीत माणूस. कमरेला गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची चावी आणि बगलेत नोटिशींची फाइल. हे पद त्यांना कोणी दिलं होतं ते कोणालाच आठवत नव्हतं. ते काढून घ्यायला मात्र कोणी तयार नव्हतं. दर वार्षिक सभेत ते राजीनामा देत आणि सभा टाळ्या वाजवून तो फेटाळत असे.

"हॉल तीन कारणांसाठी मिळतो," सेक्रेटरी म्हणाले. "वार्षिक सभा, लसीकरण आणि शोकसभा. वर्ग यात बसत नाही."

"मग बसवा कशाततरी."

"सभेला सभासद लागतात. लसीकरणाला डॉक्टर लागतो." सेक्रेटरी थांबले. "शोकसभेला तसं काहीच लागत नाही."

"मग तेच लिहा."

"मयत कोण लिहू?"

"गाणं गेलंय एक, कराराअभावी," मामा म्हणाले. सेक्रेटरींनी बराच विचार करून 'दूरचे नातलग' असं लिहिलं.

त्यामुळे पहिल्या रविवारी पहिल्या रांगेत तळमजल्यावरचं वृद्ध जोडपं गंभीर चेहऱ्याने येऊन बसलं. मागे भाचीची मंडळी. त्यांत दोघे लक्षात राहण्यासारखे होते. एक 'ब्रेकफेल', याला बोलताना थांबता येत नसे. दुसरा 'धीमा', हा इतक्या वेगाने बोले की त्याला नाव विचारलं तरी दोनदा विचारावं लागे. स्पीकर तपासण्यासाठी ब्रेकफेलने एक ठेका लावला आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्या. तळमजल्यावरच्या बाई नवऱ्याच्या कानाशी लागून म्हणाल्या, "गेलेला माणूस हौशी दिसतोय."

पुढच्या रविवारी पुन्हा शोकसभा, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. शेजारचे दातांचे डॉक्टर मामींना जिन्यात गाठून हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, तुमच्या नात्यात हे काय सत्र लागलंय? सगळ्यांना एकदा तपासून तरी घ्या." समोरच्या बाईंनी तीन दिवस डबा पाठवला. मामींनी खुलासा केला नाही. डबा चांगला होता.

वर्ग मात्र रंगला, हे शत्रूलाही मान्य करावं लागेल. सेक्रेटरी मागच्या खुर्चीत पंख्यांची बटणं सांभाळत बसत, त्यांनीही पुढे कबूल केलं. शब्द कोणाचे, चाल कोणाची, ध्वनिमुद्रण कोणाचं, हे तीन वेगळे हक्क आहेत असं मामांनी फळ्यावर तीन चौकोन काढून सांगितलं, तेव्हा पोरांचे चेहरे आपल्याच घरात तीन खोल्या जास्त निघाल्यासारखे झाले.

"दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा उचलला तर?" ब्रेकफेलने विचारलं.

"चोरी."

"विचारून उचलला तर?"

"मग कला."

"आणि पैसे देऊन?"

"मग धंदा. आणि आपण इथे तोच शिकतोय."

पोरांनी हे वाक्य लिहून घेतलं. आपलं वाक्य कोणी लिहून घेताना पाहणं हा मामांच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग होता. माणूस अशा वेळी घसरतो.

कोणी पेन उचललं रे उचललं की मामा टेबलावर डस्टर आपटत आणि म्हणत, "थांब. आधी वाच." दर रविवारी वीसदा तरी. भाचीने एकदा विचारलं, "मामा, तुझा आवाज रेकॉर्ड केला तर चालेल? अभ्यासाला." मामांनी घसा खाकरून परवानगी दिली, आणि ती लेखी दिली, कारण तोंडी परवानगी त्यांना पटत नसे.

इथवर सगळं ठीक होतं. नडला तो मामांचा कामातला नेटकेपणा. वाईट करार कसा असतो हे दाखवण्यासाठी त्यांनी एक नमुना करार लिहायला घेतला. सगळ्यांनी तो भरायचा, सही करायची, आणि मग त्यात आपण कुठे कुठे मेलो ते घरी शोधून आणायचं. कल्पना उत्तम होती. पण साध्या कागदावर सही करून घ्यायला मामांचं मन धजेना. कोरड्या जमिनीवर पोहायला शिकवतात का, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते मुद्रांकाच्या कार्यालयात गेले.

खिडकीतल्या कारकुनाने कागद उलटसुलट केला. "वर हे 'नमुना' काय लिहिलंय?"

"नमुना करार आहे तो."

"आमच्या यादीत विक्री आहे, भाडं आहे, दान आहे, हक्कांचं हस्तांतरण आहे. नमुना नाही. खोडा."

"अहो, पण शिकवण्यासाठी..."

"शिक्का मारला की खरा, नाही मारला तर रद्दी. मागे रांग आहे, साहेब."

मामांनी 'नमुना' खोडलं आणि, सवयीने, खाडाखोडीवर बारीक सहीसुद्धा केली.

मग त्यांची लेखणी सुटली. पहिल्याच कलमात लिहून देणाऱ्याची झालेली, होत असलेली आणि पुढे होणारी सर्व गाणी लिहून घेणाऱ्याच्या, म्हणजे मामांच्या, मालकीची झाली. मोबदल्याशिवाय करार लंगडा राहतो, म्हणून प्रत्येकाला एकेक नाणं रोख. आणि नववं कलम तर असं जमलं, की ते लिहून झाल्यावर मामांना जेवण गेलं नाही: हे हक्क परत करायचे झाल्यास दोन्ही साक्षीदारांची लेखी संमती लागेल, आणि साक्षीदार ती आपल्याला योग्य वाटेल त्या अटीवर देतील. "राक्षस आहे राक्षस," ते मामींना म्हणाले. "यातून कोणी सुटून दाखवावं." मामी म्हणाल्या, "वाढू का परत?"

रविवारी पोरांनी हसत खिदळत सह्या केल्या. साक्षीदार म्हणून सेक्रेटरींनी सही केली, कारण ते होतेच मागे, आणि मामींनी केली, कारण त्या चहाची किटली घेऊन आल्या होत्या. ब्रेकफेलने आपलं नाणं जिना उतरायच्या आत खर्च केलं. भाचीने मात्र ते पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. "गाण्याची पहिली कमाई आहे, मामा," म्हणाली. पुढच्या रविवारी चुका शोधून आणायच्या होत्या. पण पुढच्या रविवारी हॉलमध्ये खरंच लसीकरण निघालं, आणि त्या आठवड्यात गाणं आलं.

गाणं भाचीचं. इमारतीत आठवडाभर पाणी नव्हतं आणि नोटिशी मात्र रोज होत्या, त्यातून ते सुचलं होतं.

*वरती टाकी भरलेली, खाली बादली रिकामी,*
*नोटिशीवर नोटीस लावी सेक्रेटरी नामी.*
*चावी त्याच्या कमरेला, पाणी त्याच्या लहरीला,*
*विचारायला गेलो तर कुलूप त्याच्या पायरीला.*

आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी ठेका एकदम थांबायचा, डस्टर आपटायचं, आणि मामांचा आवाज यायचा: "थांब. आधी वाच."

ते गाणं वणव्यासारखं पसरलं. पाणी सगळीकडेच जात असावं. सेक्रेटरी गच्चीवर निघाले की प्रत्येक मजल्यावरची पोरं दारं किलकिली करून एकेक ओळ सोडत. चौथ्या मजल्यापर्यंत कडवं पुरं होई. तिसऱ्या दिवशी त्यांनी भाचीला बदनामीची नोटीस पाठवली.

उत्तर मामांनी लिहिलं. असं उत्तर त्यांनी नोकरीत कधी लिहिलं नव्हतं. त्यातलं मुख्य वाक्य त्यांनी जिन्यात भेटेल त्याला ऐकवलं: "सदर गीतात आपलं नाव कोठेही नाही. 'सेक्रेटरी' हे पद आहे, व्यक्ती नव्हे. त्या पदावर जो कोणी बसेल, त्याने ते गीत पदाबरोबर आलेलं समजून सोसावं." दातांचे डॉक्टर म्हणाले, "जबरदस्त." सेक्रेटरींनी उत्तर वाचलं, पुन्हा वाचलं, घडी घातली आणि फाइलला लावलं. मामांना वाटलं, जिंकलो.

त्याच आठवड्यात एका मोठ्या संगीत कंपनीचा निरोप आला. त्यांना ते गाणं हवं होतं आणि भाचीची पुढची गाणीही. भाचीच्या आईने तिला वर्षअखेरीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर गाण्यातून काही उभं राहिलं नाही, तर आत्याच्या ओळखीने लागलेली नोकरीची जागा घ्यायची आणि ठेका विसरायचा. वर्ष संपत आलं होतं. मामा बहिणीला फोनवर म्हणाले, "तू काळजी करू नकोस. करार मी बघतो."

कंपनीच्या वकीलबाई स्वतः आल्या. वयाने भाचीपेक्षा थोड्याच मोठ्या. मामांच्या बैठकीच्या खोलीत फाइल उघडून बसल्या. पूर्वी सही केलेले सगळे कागद त्यांनी मागितले होते, आणि भाचीने सगळे दिले होते. वर्गात शिकवलं होतंच तसं, की वकिलापासून काही लपवायचं नाही.

वकीलबाईंनी एक कागद बाहेर काढला आणि वाचताना त्यांच्या भुवया वर चढत गेल्या. "हा कोणी लिहिलाय?"

मामांनी ओळखला. "मीच. म्हणजे तो..."

"काका, मी रोज करार वाचते. इतका पक्का मी आजवर पाहिला नाही. एक फट नाही हो. नववं कलम तर..." त्यांनी मान हलवली, शास्त्रीय गाणं ऐकताना हलवतात तशी.

मामांना जन्मभर हवी होती ती दाद आली ती अशी. ती घ्यायला हात पुढे करावा की नाही, तेच त्यांना कळेना.

"तर मग," वकीलबाई म्हणाल्या, "गाण्याचे मालक तुम्ही. यापुढच्याही सगळ्या गाण्यांचे. आम्ही बोलणी तुमच्याशी करायची."

मामींनी हातातले कप टेबलावर ठेवले.

"तो नमुना आहे," मामा म्हणाले.

"तसं कुठे लिहिलंय?"

"वर लिहिलं होतं. खोडलंय ते."

"हो, खोडलंय. आणि खोडल्याची सही पण आहे. किती व्यवस्थित." वकीलबाईंच्या आवाजात खरंच आदर होता. "कोर्टात सिद्ध करता येईल तुम्हाला. दोन-तीन वर्षं लागतील. आमच्या साहेबांना शुक्रवारपर्यंत हवंय."

मामांनी भाचीकडे पाहिलं. भाची त्यांच्याकडे बघत नव्हती. ती स्वतःच्या मुठीकडे बघत होती.

"तो स्टुडिओवाला परवडला, मामा," ती म्हणाली. "त्याने एकच गाणं नेलं."

मामांनी विमा कंपनीत असताना लोकांचे शिव्याशाप खाल्ले होते. ते सगळे कंपनीला होते. हे वाक्य थेट त्यांच्या पत्त्यावर आलेलं पहिलंच. ते उठून चपला घालून उघड्या दारात नुसतेच उभे राहिले, कारण कुठे जायचं ते ठरेना.

"दोन संमती लागतील," वकीलबाई मागून म्हणाल्या. "दोन्ही साक्षीदारांच्या. त्या आणा, परत लिहून द्या, संपलं."

मामींनी तिथल्या तिथे संमती लिहून सही केली. "कलमाप्रमाणे मलाही अट घालता येते ना हो?" त्यांनी विचारलं.

"येते," मामा खोल आवाजात म्हणाले.

"मग आहे माझी एक. पण ती मी ज्याला सांगायची त्याला सांगेन." आणि त्या पदर खोचून जिना उतरून गेल्या. मामांना वाटलं, भाजी आणायला गेल्या असतील.

तासाभराने मामा सेक्रेटरींच्या दाराशी गेले. ज्या पायरीवर कुलूप असतं असं गाण्यात म्हटलं होतं, तीच पायरी. दार उघडंच होतं. सेक्रेटरी हसत होते. सेक्रेटरींना हसताना पाहणं हा त्या आठवड्यातला मोठ्यातला मोठा धक्का असावा, कारण मामा क्षणभर आल्याचं काम विसरले.

"या, या. संमती ना? तयार आहे."

"तशीच?"

"तशी कशी? कलम नऊ. योग्य वाटेल त्या अटीवर. तुम्हीच लिहिलंय." त्यांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "सही उद्या सर्वांसमोर. बदनामीची नोटीसही मागे घेतो त्यातच. वाचून ठेवा."

मामांनी तो रात्रभर घरी वाचला. पेन्सिल घेऊन वाचला, दोन स्वल्पविराम दुरुस्त केले. कागद लहान होता आणि त्यात फट नव्हती. शिष्य तयार झाला होता, आणि तोही मागच्या खुर्चीत बसून. त्यात लिहिलं होतं, की संमतीच्या बदल्यात मामा इमारतीचं सेक्रेटरीपद चावी, फाइल आणि टाकीसकट स्वीकारतील, आणि राजीनामा द्यायचा झाल्यास दोन्ही साक्षीदारांची लेखी संमती लागेल. साक्षीदार तेच.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये सगळे जमले. हॉल 'शोकसभा' म्हणूनच घेतला होता, आणि या खेपेला कोणाला ते खोटं वाटलं नाही. वकीलबाई, वर्गातली पोरं, तळमजल्यावरचं जोडपं. भाची टेबलाच्या पलीकडे उभी. हक्क परत घ्यायचे तर मोबदला हवा, म्हणून तिने पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून ते नाणं काढलं आणि मामांच्या समोर ठेवलं. तेच नाणं. मामांनी ते ओळखलं, कारण त्याची एक कड चेपलेली होती. खर्चलं नव्हतं तिने.

मामांनी आधी हक्कांच्या कागदावर सही केली. मग सेक्रेटरींचा कागद ओढला आणि पेन उचललं.

भाचीने तो कागद उलट्या बाजूने वाचला असावा, कारण ती एकदम पुढे झाली. तिने टेबलावरचं डस्टर उचलून आपटलं.

"थांब, मामा. आधी वाच. हे 'सेक्रेटरी'... अरे, ते गाणं आता..."

"माहीत आहे," मामा म्हणाले. "पदाबरोबर आलेलं. वाचलंय मी."

आणि त्यांनी सही केली, पूर्ण नावाची, तारखेसकट.

"तुमच्याच उत्तरात होतं हो सगळं," जुने सेक्रेटरी कमरेची चावी सोडवत म्हणाले. "पण खरं सांगू का, माझ्या डोक्यात आलं नसतं. वहिनींनी सुचवलं."

मामांनी वळून पाहिलं. मामी किटलीतून चहा ओतत होत्या. त्यांचा हात जरासुद्धा हलला नाही.

आता हिशेब. कंपनीने भाचीला आगाऊ रक्कम दिली, आणि आत्याच्या ओळखीची ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. बाकीच्या पोरांचेही हक्क मामांनी त्याच आठवड्यात परत केले. मोबदल्याची नाणी सगळ्यांनी आणली, ब्रेकफेलने मात्र धीम्याकडून उसनं घेऊन. भाचीने मामांच्या आवाजासाठी वेगळा करार केला. तो तिने स्वतः लिहिला होता, मामांना त्यात एकही चूक काढता आली नाही, आणि हे त्यांनी तिच्या आईला फोन करून दोनदा सांगितलं. त्यातून जे आलं ते टाकीच्या नव्या पंपाला गेलं. जुन्या सेक्रेटरींना झोप लागू लागली. सकाळी चावी घेऊन मामा गच्चीकडे निघाले की पहिल्या मजल्यापासून कडवं सुरू होतं, चौथ्यावर पुरं होतं, आणि पोरं मामांचं वाक्य मामांच्याच आवाजात मामांना ऐकवतात. दिवसभर नळ, नोटिशी, तक्रारी, संध्याकाळी समिती.

मामींना पूर्वी रविवारचे दोन तास मिळणार होते. आता अख्खा आठवडा मिळाला. त्याची किंमत मात्र भरली ती मामांनीच.